८० ने पळवली तरी गाडी लेट का? ठाणे ते खालापूर, स्टाफच्या दोन गाड्या आणि एक पावसाळा

हे प्रकरण आमच्याच ऑफिसातलं आहे. कंपनीचं नाव देत नाही, माणसांची नावं बदललीयेत, बाकी जे झालं ते तसंच लिहिलंय. मी ठाण्यात एका छोट्या ट्रान्सपोर्टवाल्याकडे गाड्यांचं टायमिंग बघते, म्हणजे कुठली गाडी कुठे आहे, कोण चढलं, कोण राहिलं, कोणाचा फोन लागत नाही, हे सगळं पहाटे साडेचारपासून माझ्या डोक्यावर.

पार्श्वभूमी

आमच्या दोन टेम्पो ट्रॅव्हलर, १७ सीटच्या, रोज पहाटे ठाण्यातून खालापूरच्या बाजूच्या एका कारखान्यात पहिल्या शिफ्टची माणसं घेऊन जातात. थांबे असे: माजिवड्याला ४:५०, मग कॅडबरी, मग नितीन कंपनी, शेवटी कळवा नाका ५:१०. शिफ्ट सातची, पण पंचिंग आणि कपडे बदलणं धरून ६:४५ ला गेटवर गाडी लागली पाहिजे. त्याच्यावर १५ मिनिटांपर्यंत माफ, पुढे गेलं की त्या फेरीचे ७०० रुपये कापले. करारात तसं लिहिलेलंच आहे, सही शेठनी केलीये, मे महिन्यात, ऊन असताना.

रस्ता असा: कळवा, विटावा, दिघा, ऐरोली, मग ठाणे-बेलापूर रोडने रबाळे, घणसोली, महापे, तुर्भे. तिथून सायन-पनवेल हायवे धरून उरण फाटा, बेलापूर, खारघर, कामोठे, कळंबोली. आणि कळंबोलीहून मुंबई-पुणे एक्सप्रेसवे. सगळं मिळून साठ-पासष्ट किलोमीटर. ९५ मिनिटं हातात, म्हणजे सरासरी ४० च्या आसपासचा वेग लागतो. कागदावर बघितलं तर यात अवघड काय आहे असंच वाटेल, मलाही वाटलं होतं.

दुसरा रस्ता आहे मुंब्रा बायपास, शिळफाटा, तळोजा करून कळंबोलीला उतरायचा. तिथे जेएनपीटी बंदराचे कंटेनर रांगेने असतात आणि एखादा ट्रेलर बंद पडला की मागे फिरायला जागाच नाही. पहाटेच्या वेळी तर ट्रेलरवाले जड गाड्यांवरची दिवसाची बंदी लागायच्या आत ठाणे पार करायच्या घाईत. म्हणून तो आम्ही फक्त अडचणीला ठेवलेला.

ड्रायव्हर दोन. अण्णा, वय पंचावन्नच्या पुढे, आधी घाटात ट्रक चालवायचे. आणि बंटी, सत्तावीसचा, हात एकदम साफ, गाडी अशी काढतो की बघत राहावं. शेठचा लाडका बंटी. माझापण, खरं सांगायचं तर.

प्रॉब्लेम

जूनमध्ये ५२ फेऱ्यांत ६ लेट झाल्या, म्हटलं पावसाची सुरुवात आहे, चालायचंच. जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात २६ फेऱ्यांत ११ लेट. ७,७०० रुपये कापले गेले आणि कारखान्याच्या ॲडमिनमधून फोन, की तुमच्या गाड्या ८० ने चालतात ना, मग साठ किलोमीटरला दोन तास कसे लागतात.

मी जीपीएसचा रिपोर्ट काढला. आता इथे पहिली चूक बघा. रिपोर्टमध्ये मी बघितलं काय तर सगळ्यात जास्त वेग. बंटीची गाडी ७९, ८०. अण्णांची ६६, ६८. आणि लगेच डोक्यात बसलं की अण्णा हळू चालवतात, वय झालंय, पावसाला घाबरतात. लेट झालेल्या ११ मध्ये बंटीच्या ५ आणि अण्णांच्या ६ होत्या, म्हणजे फरक काहीच नव्हता, हे त्याच कागदावर खाली लिहिलेलं होतं. मी वाचलं नाही, माझी नजर त्या ८० वरच.

त्या वेळी समोर काय काय होतं

शेठ, मी आणि हिशोबाचे काका बसलो. चार गोष्टी निघाल्या.

एक, अर्धा तास लवकर निघायचं. म्हणजे माजिवड्याची माणसं ४:२० ला रस्त्यावर. त्यात सहा बायका आहेत, घरचं उरकून, डबा करून येणाऱ्या, त्या आत्ताच साडेतीनला उठतात. मी नाही म्हटलं.

दुसरं म्हणजे रस्ता बदलायचा, मुंब्रा बायपास धरायचा. अण्णा दारात उभे होते, ते म्हणाले, "ताई, तिथे फसलो तर नऊ वाजता पोचू." तो विषय संपला.

कारखान्याशी बोलून पावसाळ्यापुरती वेळ वाढवून घेऊ असं मी म्हटलं, तर शेठ म्हणाले आत्ता जुलैत तोंड उघडलं तर पुढच्या वर्षी कॉन्ट्रॅक्ट दुसऱ्याला. भीती खोटी नव्हती.

आणि चौथं, काकांचं: वेळेत पोचवणाऱ्या ड्रायव्हरला फेरीमागे २०० रुपये. ७०० वाचतात, २०० देऊ, सगळ्यांचा फायदा. सगळ्यांना पटलं, मला पण. अण्णांना कोणी विचारलं नाही.

पहिला निर्णय, आणि उरण फाट्याची सकाळ

१६ जुलैपासून २०० रुपये सुरू झाले. पंधरा दिवसांत २६ फेऱ्यांत ९ लेट. म्हणजे ११ चे ९. शेठ खूश, फरक पडतोय म्हणे.

२४ तारखेला पाऊस रात्रभर धरलेला. बंटीची गाडी तुर्भ्याला आधीच बारा मिनिटं मागे. सायन-पनवेलवर ज्यांनी पावसाळ्यात गाडी चालवलीये त्यांना माहितीये, काँक्रीटवर गाडी मस्त पळते आणि पूल आला, काँक्रीट संपून डांबर सुरू झालं की खड्डे. तो जो सांधा असतो ना तिथेच पाणी मुरतं, वरून ट्रेलरची चाकं आपटतात, डांबर सुटतं. वरून खडी टाकून बुजवलं की दोन दिवसांत खडी परत बाहेर. पाणी भरलेलं असलं की खड्डा चार इंच आहे की गुडघाभर कळायला मार्गच नाही, पुढच्या बाइकवाल्याचं चाक किती आत जातं त्यावर अंदाज.

उरण फाट्याच्या पुलाजवळ बंटी पुढच्या गाडीला चिकटून होता, वेग साठच्या वर. पुढच्या कारवाल्याने पाणी बघून कचकन ब्रेक मारला. बंटीला थांबायला जागा नाही, त्याने उजवीकडे काढली, उजवीकडून कार येत होती, परत डावीकडे, आणि डावं पुढचं चाक सरळ खड्ड्यात. टायर बाजूने फाटला, रिम वाकली, कारचा आरसा आमच्या गाडीला लागून गेला. मोठं काही झालं नाही. मागच्या सीटवरच्या एका ताईंचं कपाळ पुढच्या दांड्यावर आपटलं, आणि कोणाच्या तरी डब्याचं झाकण उघडून आमटी सगळ्या गाडीभर, चपला, पिशव्या, सगळं पिवळं. भर पावसात चाक बदललं. गेटवर पोचली ८:१०.

त्या दिवशी दुपारी गाडी धुवायला लावली तेव्हा मेकॅनिकने मला बोलवून दाखवलं, स्पीड गव्हर्नरची वायर काढून ठेवलेली. या गाड्यांना कायद्याने वेग ८० वर अडवणारा गव्हर्नर असतो, आणि जीपीएसमध्ये ७९, ८० दिसायचं ते बंटी मुद्दाम तिथेच ठेवत होता, अलर्ट येऊ नये म्हणून. पण गव्हर्नर लागला की गाडी ८० च्या आधीच ओढ सोडते, ओव्हरटेकला दम राहत नाही, म्हणून वायर काढली, असं त्यानेच सांगितलं. "मॅडम, २०० रुपये फुकट देता का तुम्ही?" हे पण तोच म्हणाला. मला उत्तर सुचलं नाही.

आणि टायर बघितले तर मागच्या दोन चाकांची नक्षी जवळजवळ गुळगुळीत. नियमाने १.६ मिलिमीटर खोली लागते, ती पण कोरड्या-ओल्या सगळ्या दिवसांचा कमीत कमी आकडा म्हणून, पावसात त्याच्या वर बरंच पाहिजे, नाहीतर टायरखालचं पाणी बाहेर फेकलंच जात नाही आणि गाडी पाण्यावर तरंगल्यासारखी होते. हा दोष बंटीचा नव्हता, आमचा होता.

वही घेऊन गाडीत

दुसऱ्या दिवसापासून चार दिवस मी गाडीत बसले. दोन दिवस बंटीच्या, दोन दिवस अण्णांच्या, ड्रायव्हरच्या बाजूच्या सीटवर, मांडीवर शंभर पानी वही आणि मोबाइलचं घड्याळ. रस्त्याचे चार तुकडे केले: कळवा ते तुर्भे, तुर्भे ते कळंबोली, एक्सप्रेसवे, आणि उतरल्यावर गेटपर्यंतचे शेवटचे सहा-सात किलोमीटर. ज्या दिवशी बंटीच्या गाडीत होते त्या दिवशीचा अण्णांचा जीपीएस पण संध्याकाळी काढला, तुकड्यातुकड्याने.

सोमवारचं पान असं आहे. कळवा ते तुर्भे, बंटी ३८ मिनिटं, अण्णा ३८. तुर्भे ते कळंबोली, बंटी ३९, अण्णा ३६. एक्सप्रेसवे, बंटी २४, अण्णा २७. शेवटचा तुकडा दोघांना १०. बेरीज करा. १११ आणि १११.

मी ती बेरीज दोनदा केली. कॅल्क्युलेटरवर पण केली.

एक्सप्रेसवेचा आमचा तुकडा साधारण तीस किलोमीटर. तिथे ८० ने गेलात तर साडेबावीस मिनिटं, ७० ने गेलात तर पावणेसव्वीस. म्हणजे जिवावर उदार होऊन तीन मिनिटं आणि वर थोडे सेकंद. आणि कळंबोली सर्कलच्या आधीचे तीन किलोमीटर, तिथे गाडी १५ ने सरकली तर बारा मिनिटं, ४० ने सरकली तर साडेचार. साडेसात मिनिटं त्या तीन किलोमीटरात. आम्ही पैसे लावत होतो तीस किलोमीटरच्या तीन मिनिटांवर, आणि ज्या तीन किलोमीटरात वेळ जात होता तिथे कोणाचं लक्षच नाही. सरासरी म्हणजे काय हे शाळेत शिकलोय आपण सगळे, पण गाडीत बसल्यावर काटा ८० वर दिसला की वाटतं आपण लवकर पोचणार.

आता बंटी तुर्भे ते कळंबोलीत तीन मिनिटं मागे का पडला, हे मला गाडीत बसल्यामुळेच कळलं. तो मोकळं दिसलं की दाबायचा, पुढच्याच्या मागे जाऊन ब्रेक, परत दाबायचा, लेन बदलायचा, त्या लेनमध्ये बाइकवाले खड्डा चुकवायला आत आलेले, परत ब्रेक. पुलाच्या सांध्यावर तीन लेनची एक लेन होते, कारण सगळ्यांना तोच एक खड्डा नसलेला पट्टा हवा असतो, आणि शेवटच्या क्षणी घुसायला गेलं की कोणी आत घेत नाही, मग थांबायचं. अण्णा तिथे काय करायचे तर दोनशे मीटर आधीच ज्या पट्ट्यातून जायचंय तो धरायचे, ॲक्सिलरेटर सोडून गाडी आपोआप तीसवर येऊ द्यायचे आणि न थांबता तीसनेच पार. थांबायचे नाहीत, हेच मुख्य. थांबलेली भरलेली गाडी परत पहिल्या गिअरपासून उचलायला जो वेळ जातो तो कोणी मोजत नाही.

अण्णांना विचारलं तर ते म्हणाले, "पुढचा शिंकला की मागच्या शंभर जणांना सर्दी. आपण मधेच एकाने रुमाल धरायचा."

हे नंतर मी वाचलं, जपानी संशोधकांनी एक प्रयोग केला होता, त्याचं लिखाण २००८ ला आलं. २३० मीटरच्या गोल रस्त्यावर २२ गाड्या, सगळ्यांना सांगितलं ३० च्या वेगाने सारख्या चाला. ना सिग्नल, ना खड्डा, ना रिक्षा. तरी थोड्या वेळाने जॅम झाला. कोणीतरी जरासा ब्रेक लावतो, मागचा जरा जास्त लावतो, त्याच्या मागचा अजून जास्त, शेवटी कोणीतरी पूर्ण थांबतो, आणि तो थांबलेला गठ्ठा साधारण २० च्या वेगाने मागे मागे सरकत राहतो. सपाट गोल रस्त्यावर हे होतं तर तुर्भ्याच्या पुलावर, पावसात, पहाटे, ट्रेलरच्या मधे काय होणार. पुढे खड्डा एकच असतो हो, आणि रांग सानपाड्यापर्यंत.

एक्सप्रेसवे: खड्डा नाही तरी गाडी हळू

शनिवारचं पान वेगळंच निघालं. कळंबोलीपर्यंत सगळं बरं, आणि एक्सप्रेसवेला ४१ मिनिटं. रस्ता काँक्रीटचा, तीन तीन लेन, बाइक-रिक्षाला बंदी, मग ४१ कशी?

लोणावळ्याला भिजायला निघालेली जनता. पहाटे सहाला. आणि लेनचा सगळा गोंधळ. नियम सोपा आहे, जड गाड्या डावीकडे, मधली लेन बाकीच्यांना, उजवी फक्त ओव्हरटेक करून परत मधे यायला. प्रत्यक्षात एक ट्रेलर डावीकडे ४० ने, त्याला ४२ ने ओव्हरटेक करणारा दुसरा मधल्या लेनमध्ये, आणि उजव्या लेनमध्ये एक फॅमिली कार ६० ने, निवांत, आतमध्ये गाणी चाललेली. तिघं एका ओळीत. मागे अख्खी मुंबई. मग लोक डावीकडून शोल्डरवरून, म्हणजे कडेच्या पट्ट्यावरून काढतात, पुढे जाऊन घुसतात, ज्याच्यापुढे घुसले तो ब्रेक मारतो, आणि परत तीच सर्दी.

पाऊस जोरात आला की निम्मी जनता चारी इंडिकेटर लावून चालवते. मला हे इतकं डोक्यात जातं ना. ते चार दिवे म्हणजे गाडी उभी आहे. चालत्या गाडीने लावले की मागच्याला कळत नाही उभी आहे की चालू, आणि लेन बदलतोय हे तर कळणारच नाही कारण इंडिकेटर आधीच दोन्हीकडचे चालू. मग मागचा घाबरून ब्रेक.

ब्रेकचंच बोलायचं तर, रस्ते आखताना इंडियन रोड काँग्रेसचे नियम धरतात त्यात ८० च्या वेगाला थांबायला १२० मीटर लागतात असं धरलंय, ६५ ला ९०. त्यातले पहिले अडीच सेकंद नुसते दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंतचे, ८० ला त्यातच जवळजवळ ५६ मीटर संपतात. बंटी पुढच्या गाडीपासून किती लांब होता? मी अंदाजाने लिहिलंय वहीत, "१५ मी? कमीच." खाली वेळ लिहिलीये आणि अक्षर हललेलं आहे.

मग काय केलं

२०० रुपये बंद. शेठना हे पटवायला वही दाखवली, सोमवारच्या पानावर त्यांनी स्वतः बेरीज केली. ऑगस्टपासून ते पैसे दोघांनाही पावसाळी भत्ता म्हणून महिन्याला सरसकट दिले, वेळेशी संबंध नाही. टायर चारही बदलले, गव्हर्नर जोडून सील केला.

नितीन कंपनी आणि कॅडबरी हे दोन थांबे एकत्र केले. काही जणांना पाच-सात मिनिटं चालावं लागलं, दोघी नाराज झाल्या आणि मला आजही वाटतं त्यांचं बरोबर होतं, पहाटे पाचला पावसात छत्री घेऊन हायवेच्या कडेने चालणं सोपं नाही. पण आठ मिनिटं तिथे सुटली आणि कोणाला लवकर उठावं लागलं नाही.

विटाव्याचा रेल्वेखालचा रस्ता ही सगळ्यात मोठी डोकेदुखी. जोराचा पाऊस झाला की तिथे पाणी. आणि कळवा नाक्यावर माणसं घेतल्यावर कळलं की पाणी आहे तर परत ठाण्यात येऊन, कोपरीवरून हायवे, मग मुलुंड-ऐरोली पूल, यात अर्धा तास गेलाच. म्हणजे निर्णय कळव्याला नाही, कॅडबरीलाच व्हायला पाहिजे होता. आमचा एक बदली ड्रायव्हर दिघ्याला राहतो. त्याने ४:४० ला जाऊन बघायचं आणि मला फोन करायचा असं ठरवलं. पाणी असेल तर कळव्याच्या चार जणांनी रिक्षाने खाडी ओलांडून ठाण्याच्या बाजूला यायचं, रिक्षाचे पैसे आम्ही द्यायचे, आणि गाडी थेट ऐरोली पुलावरून. ऑगस्टमध्ये तीन वेळा असं केलं.

गाडी चालवण्याचं अण्णांकडून बंटीला शिकवलं, म्हणजे बंटीला अण्णांच्या बाजूला तीन दिवस बसवलं. एक्सप्रेसवेला मधली लेन, ६५ ते ७०, पुढच्यापासून तीन सेकंद: पुढची गाडी एखाद्या बोर्डजवळून गेली की एक हजार एक, एक हजार दोन, एक हजार तीन म्हणायचं, त्याच्या आत आपण तिथे पोचलो तर जवळ आहोत. पावसात चार. बंटी म्हणाला एवढी जागा सोडली की लोक मधे घुसतात. घुसतात, खरंय. अण्णांनी एका फेरीत मोजले, अकरा जण घुसले. अकरा वेळा मागे सरकायला किती गेलं? प्रत्येकी तीन सेकंद धरले तरी तेहेतीस सेकंद. बंटी गप्प बसला, पण तोंडावरून पटलेलं दिसत नव्हतं.

आणि मी शेवटी कारखान्याच्या ॲडमिनकडे वही घेऊन गेले. शेठना न सांगता गेले हे आता सांगायला हरकत नाही. मी मागितली पावसाळाभर पंधरा मिनिटं जास्त. त्यांनी दिली दहा, तीही ज्या दिवशी हवामान खात्याचा ऑरेंज किंवा रेड अलर्ट असेल त्याच दिवशी. त्यांना मुख्य धक्का बसला तो आमटीच्या दिवसाचा, त्यांच्या माणसाचं कपाळ फुटता फुटता वाचलं हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. उशीर तेवढा कळला होता.

निकाल

ऑगस्टमध्ये ५० फेऱ्यांत ५ लेट. दोन एकाच दिवशीच्या, तळोज्याकडून येणारा ट्रेलर कळंबोली सर्कलवर आडवा झाला होता, त्याला कोणी काही करू शकत नाही. दोन शनिवारच्या. एक आमचीच चूक, दिघ्याचा माणूस झोपून राहिला, फोन आला नाही, गाडी सरळ पाण्यापर्यंत गेली.

पण पूर्ण श्रेय आमच्या बदलांना देऊ नका. ऑगस्टमध्ये पाऊस जुलैपेक्षा कमी झाला, आणि मधल्या उघडिपीत पुलांवरचे मोठे खड्डे बुजवले गेले. किती त्याच्यामुळे आणि किती आमच्यामुळे, हे वेगळं काढायला माझ्याकडे काही साधन नाही. एक्सप्रेसवेचा वेळ मात्र तोच राहिला, २६-२७ मिनिटं, आणि तरीही गाड्या वेळेत लागल्या, एवढं वहीत दिसतं. डिझेल थोडं कमी लागलं असं काका म्हणतात. ब्रेक लायनर बघायला अजून वेळ आहे.

शनिवारला आमच्याकडे उत्तर नाही. सप्टेंबरात शनिवारी पंधरा मिनिटं लवकर निघालो, बायकांनीच सुचवलं, एकच दिवस आहे तर उठू म्हणाल्या.

परत करायचं झालं तर

सगळ्यात आधी गाडीत बसेन. चार दिवस जे बसले ते जूनमध्येच बसायला पाहिजे होतं, म्हणजे ते २०० रुपये आलेच नसते. ऑफिसात बसून जीपीएसवर गाडी म्हणजे एक हिरवा ठिपका, तो ठिपका थांबला की आपण म्हणतो ड्रायव्हर चहा पितोय.

काकांना दोष देऊन उपयोग नाही, पण वेळेवर पैसे लावले की ड्रायव्हर वेळ तिथेच शोधणार जिथे रस्ता त्याच्या हातात आहे, म्हणजे मोकळ्या रस्त्यावर. खड्डा, पाणी, सर्कल हे त्याच्या हातात नाही. मग धोका सगळा मोकळ्या तुकड्यात गोळा होतो आणि फायदा तीन मिनिटं. हे मला तेव्हा कोणी सांगितलं असतं तरी मी ऐकलं असतं का, शंका आहे.

अण्णांना मीटिंगमध्ये आत बोलवायला हवं होतं. ते दारातच उभे होते.

आणि कारखान्याकडे मेमध्येच जायला पाहिजे होतं, करार होताना. पावसाळ्यातल्या रस्त्याला उन्हाळ्यातली वेळ लावून सही केली तिथेच अर्धं नुकसान झालेलं होतं. पुढच्या वर्षीच्या करारात जून ते सप्टेंबर वेगळी वेळ मागितलीये, अजून उत्तर नाही.

बंटी सप्टेंबरच्या शेवटी सोडून गेला. पुण्याच्या कॅबला लागला, तिथे फेऱ्यांवर पैसे मिळतात. जायच्या आदल्या दिवशी गाडीची चावी द्यायला आला तेव्हा मी विचारलं, तीन सेकंद मोजतोस का रे अजून? म्हणाला, "मॅडम, मोजतो ना. दोनपर्यंत."

वही अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे, अर्धी कोरी. मागच्या काही पानांवर अण्णांचं अक्षर आहे, तेच लिहितात आता, पेन्सिलने: तारीख, चार तुकडे, प्रत्येकाला लागलेली मिनिटं, आणि शेवटच्या रकान्यात किती वेळा गाडी पूर्ण थांबली तो आकडा. हा रकाना मी सांगितला नव्हता. काल तिथे ६ लिहिलंय.